रेंजफाइंडरसाठी दुर्मिळ लेन्स निवडताना आणि शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिली चांगली लेन्स घ्यायची आहे. कोणती घेऊ?

३५ किंवा ५० मिमी, एफ/२. (एफ/ पुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड, म्हणजे अपर्चर, मोठं उघडतं.) उत्तर साधं आहे आणि बहुतेकांना ते आवडत नाही, कारण मनात आधीच एखादी एफ/१.४ किंवा एफ/१ बसलेली असते. तरीही सांगते. रेंजफाइंडरची, म्हणजे दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस करायच्या कॅमेऱ्याची, खरी ताकद म्हणजे लहान आकार, शांत शटर आणि चौकटीच्या बाहेरचंही दिसणारा व्ह्यूफाइंडर. मोठ्या तोंडाची लेन्स लावली की तिचा पुढचा भाग व्ह्यूफाइंडरचा उजवा खालचा कोपरा झाकतो, कॅमेरा पुढे झुकतो आणि तो सोबत नेण्याचा उत्साह हळूहळू कमी होतो. एफ/२ ची छोटी लेन्स रोज खांद्यावर राहते.

३५ की ५०, हे ठरवायला आठवडाभर कॅमेरा न घेता फिरा आणि एखादं दृश्य थांबवून धरावंसं वाटलं की तुम्ही त्याच्यापासून किती लांब उभे आहात ते बघा. माणसांच्या जवळ जात असाल तर ३५. चार पावलं मागे राहून एकाच गोष्टीवर नजर ठेवत असाल तर ५०.

या लेन्स इतक्या दुर्मिळ का असतात?

कारणं तीन आहेत आणि ती वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत, कारण त्यावरच थांबायचं की घ्यायचं हे ठरतं.

पहिलं, काही लेन्स मुळातच थोड्या बनल्या. लायका कॅमेरे बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीची १९६६ ची नॉक्टिलक्स ५० मिमी एफ/१.२ हे ठळक उदाहरण. तिचे दोन अगोलीय (गोलाच्या तुकड्यासारखा बाक नसलेले) पृष्ठभाग हाताने घासून तयार करावे लागत. काम इतकं किचकट होतं की एकूण सुमारे १,७०० नग झाले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यात तिची जागा लाइट्झचे लेन्स-रचनाकार वॉल्टर मँडलर यांच्या एफ/१ रचनेने घेतली. त्या रचनेत अगोलीय पृष्ठभागच नव्हते. १९९० ची ३५ मिमी सुमिलक्स अॅस्फेरिकल हीदेखील अशीच: दोन अगोलीय पृष्ठभाग, मोजके नग. १९९४ मध्ये साच्यात घडवलेल्या एकाच अगोलीय पृष्ठभागाची आवृत्ती आली तेव्हा कुठे ती नियमित बनू लागली. अशी लेन्स आज शोधणारा माणूस संग्राहकांशी स्पर्धा करत असतो.

दुसरं, चालू उत्पादनातल्या लेन्सही टप्प्याटप्प्याने बनतात. एका मॉडेलची एक खेप होते, मग यंत्रं आणि माणसं दुसऱ्याकडे वळतात. मधल्या काळात दुकानं रिकामी दिसतात आणि वापरलेल्या नगाची किंमत नव्यापेक्षाही वर जाते. ही टंचाई तात्पुरती असते. इथे थांबणाऱ्याचा बहुतेकदा फायदा होतो.

तिसरं, मिररलेस कॅमेरे आले आणि रेंजफाइंडर कधी हातात न घेतलेल्या लोकांनाही या छोट्या लेन्स अडॅप्टरने लावता येऊ लागल्या. लेन्स तेवढ्याच राहिल्या, मागणारे वाढले.

दुर्मिळ लेन्स म्हणजे उत्तम लेन्स, असं धरून चालेल का?

नाही. दुर्मिळपणा उत्पादनाच्या इतिहासातून येतो, चित्राच्या गुणवत्तेतून नाही. लेन्स बनवायला अवघड होती, विकली गेली नाही, चुकीच्या वेळी आली, यातल्या कुठल्याही कारणाने नग कमी राहतात. १९३५ ची थाम्बार ९० मिमी एफ/२.२ ही मुद्दाम मऊ चित्र देणारी पोर्ट्रेट लेन्स होती आणि तिच्यासोबत मधोमध काळा ठिपका असलेला फिल्टर मिळायचा. ती दुर्मिळ आहे, सुंदर आहे, पण ज्याला धारदार चित्र हवं त्याच्या ती काही कामाची नाही.

उलट लायकाच्या ५० मिमी एफ/२ सुमिक्रॉनचं पाहा. दशकानुदशकं बनली, भरपूर सापडते आणि एखाद्या माणसाला आयुष्यभर पुरेल इतकी चांगली आहे.

कोणती लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर बसेल?

लायकाचा स्क्रू माउंट, म्हणजे ३९ मिमी व्यासाचा आटा, १९३० च्या दशकापासून लायकाखेरीज कॅनन, निकॉन, सोव्हिएत कारखाने अशा अनेकांनी वापरला. १९५४ मध्ये लायकाच्या एम३ कॅमेऱ्यासोबत एम बायोनेट, म्हणजे किंचित वळवून अडकवायचा माउंट, आला. स्क्रू माउंटचं फ्लँज अंतर (लेन्स टेकते त्या कडेपासून फिल्मपर्यंतचं) २८.८ मिमी आणि एमचं २७.८ मिमी. म्हणजे फरक बरोबर १ मिमीचा. त्यामुळे १ मिमी जाडीची कडी लावली की जवळपास कुठलीही स्क्रू लेन्स एम कॅमेऱ्यावर चालते आणि रेंजफाइंडरशी जुळतेही. उलटं मात्र होत नाही: एम लेन्स स्क्रू बॉडीवर बसत नाही.

कडी घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ती व्ह्यूफाइंडरमध्ये कोणत्या फ्रेमलाइन, म्हणजे चौकटीच्या रेषा, आणते यावरून तिचे तीन प्रकार असतात: २८/९०, ३५/१३५ आणि ५०/७५. ३५ मिमी लेन्सला ५० ची कडी लावलीत तर चौकट चुकीची दिसेल. स्वस्त कड्यांची जाडी काही वेळा नेमकी १ मिमी नसते आणि मग अनंतावरचा फोकसच बिघडतो. लेन्सवर खर्च करून कडीवर काटकसर करू नका.

जुन्या झाइस इकॉन काँटॅक्स आणि निकॉन एसचा माउंट दिसायला सारखा आहे, वाइड लेन्स एकमेकांवर चालूनही जातात. पण ५० मिमी आणि त्याहून लांब लेन्सचा फोकस एकमेकांशी जुळत नाही. १९६१ ची कॅनन ५० मिमी एफ/०.९५ तर स्क्रू माउंटची नाहीच. ती कॅनन ७ च्या बाहेरच्या बायोनेटवर बसते. एम माउंटला बदलून घेतलेले नग फिरतात, तेव्हा ते काम किती नीट झालंय हे प्रत्यक्ष फोकस करून बघितल्याशिवाय घेऊ नका.

एफ/१ किंवा एफ/०.९५ ची लेन्स रेंजफाइंडरने खरंच नीट फोकस होते का?

होते, पण कोणत्या कॅमेऱ्यावर हे महत्त्वाचं. रेंजफाइंडरची अचूकता दोन खिडक्यांमधल्या अंतरावर आणि व्ह्यूफाइंडर किती मोठं दाखवतो यावर ठरते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे परिणामी पाया. एम३ मध्ये मोठेपणा ०.९१ पट आहे, त्यामुळे हा पाया ६२ मिमीच्या आसपास जातो. ०.७२ पट मोठेपणाच्या एम बॉडीमध्ये तो सुमारे ५० मिमी असतो. १९७३ च्या छोट्या लायका सीएलमध्ये मात्र तो १९ मिमीहून कमी.

आता गणित बघा. ५० मिमी लेन्स, विषय १ मीटरवर. एफ/२ ला स्पष्टतेची पट्टी जेमतेम ५ सेंटीमीटर. एफ/०.९५ ला ती २ सेंटीमीटरच्या थोडी वर. डोळ्यावर फोकस केला आणि समोरचा माणूस श्वास घेताना किंचित पुढे आला तरी पापण्या सुटतात. सीएलवर नॉक्टिलक्स लावणाऱ्याची निराशा ठरलेली, आणि त्यात दोष लेन्सचा नसतो.

शिवाय कॅमेऱ्याची रेंजफाइंडर यंत्रणा आणि लेन्सचा कॅम (फोकसचं अंतर त्या यंत्रणेला कळवणारा मागचा भाग), दोन्ही तंतोतंत जुळलेले हवेत. एफ/४ ला लपून जाणारी चूक एफ/१ ला उघडी पडते. अशी लेन्स घेणार असाल तर ती तुमच्या बॉडीसोबत एकत्र तपासून घेण्याचा खर्च आधीच हिशोबात धरा.

आणि लांब लेन्स? ९०, १३५?

९० पर्यंत ठीक. १३५ ची चौकट व्ह्यूफाइंडरमध्ये टपाल तिकिटाएवढी दिसते. एम३ असेल तर वेगळी गोष्ट.

एम३ आहे आणि ३५ मिमी वापरायची आहे. एम३ मध्ये तर ३५ ची चौकटच नाही.

बरोबर, एम३ मध्ये ५०, ९० आणि १३५ एवढ्याच चौकटी आहेत. त्यासाठीच लाइट्झने काही ३५ मिमी लेन्स ‘चष्म्या’सह बनवल्या. लेन्सला जोडलेली ही दोन भिंगं व्ह्यूफाइंडर आणि रेंजफाइंडरच्या खिडक्यांसमोर येतात आणि ५० ची चौकट ३५ ची होते. चष्म्यामुळे दिसणं किंचित मंद होतं, वजन वाढतं, म्हणून संग्राहकांना या आवृत्त्या कमी प्रिय. आतली काच मात्र तीच असते. जिला आठ भिंगांची सुमिक्रॉन म्हणतात ती १९५८ ची ३५ मिमी एफ/२ परवडण्याजोगी हवी असेल तर चष्मेवाली शोधा. चष्मा नीट जुळलेला आहे का, ते मात्र अनंतावर आणि जवळ, दोन्हीकडे बघून घ्या.

जुनी घ्यावी की नवी?

तुम्हाला चित्रात काय हवंय त्यावर आहे. १९३३ च्या ‘सुमार’ नावाच्या लायका लेन्सपासून १९५० च्या दशकापर्यंतच्या लेन्स पूर्ण उघड्या वापरल्या की कडांना विरघळतात, उजेडासमोर धूसर होतात, कातडीचा पोत मऊ दाखवतात. नव्या अगोलीय लेन्स एफ/१.४ ला कोपऱ्यापर्यंत धारदार असतात. २०१२ ची ५० मिमी एपो-सुमिक्रॉन या दिशेचं टोक आहे.

मधल्या काळातल्या, म्हणजे मँडलर यांनी कॅनडातल्या मिडलंडच्या कारखान्यात आखलेल्या लेन्स मला सर्वांत जास्त आवडतात. धार पुरेशी, पण प्रत्येक केसाचा हिशेब मागणारी नाही. १९७९ ची सात भिंगांची ३५ मिमी सुमिक्रॉन याच परंपरेतली. ‘बोकेचा राजा’ (बोके म्हणजे चित्रातल्या फोकसबाहेरच्या भागाचा पोत) हे नाव मिळाल्यापासून तिची मागणी तिच्या गुणांपेक्षाही पुढे गेली आहे, तरी लेन्स खरोखर चांगली आहे.

तिसरी वाट म्हणजे पुन्हा काढलेल्या जुन्या रचना. २८ मिमी सुमारॉन एफ/५.६ २०१६ मध्ये परत आली, थाम्बार २०१७ मध्ये, नॉक्टिलक्स एफ/१.२ २०२१ मध्ये, पोलादी कडेची ३५ मिमी सुमिलक्स २०२२ मध्ये. जुन्या लेन्सचा स्वभाव हवा पण साठ वर्षांची बुरशी नको, अशांसाठी हा चांगला मार्ग आहे.

लायकाच हवी का?

मुळीच नाही. फोख्टलेंडर नावाने जपानची कोसिना १९९९ पासून रेंजफाइंडर लेन्स बनवते आणि त्यातल्या अनेक लेन्स कुणाच्याही पंक्तीला बसतील अशा आहेत. झाइसची झेडएम मालिका २००४ मध्ये जाहीर झाली. तिच्या बहुतेक लेन्सही कोसिनाच्याच कारखान्यातल्या. कोनिकाच्या एम-हेक्सानॉन, मिनोल्टाची छोटीशी ४० मिमी एफ/२ एम-रोकोर, रिकोची १९९७ ची जीआर २८ मिमी, कॅननच्या १९५० च्या दशकातल्या स्क्रू लेन्स: या सगळ्यांकडे बघा.

प्रत्येकीची एखादी खोड असते, ती माहीत हवी. झाइस सी झोनार ५० मिमी एफ/१.५ मध्ये अपर्चर बंद करताना फोकस सरकतो. मिनोल्टाच्या २८ मिमी एफ/२.८ रोकोरच्या आत पांढरे ठिपके येतात. जुन्या कॅनन लेन्समध्ये अपर्चरजवळच्या काचांवर धुरकटपणा साठतो आणि फार काळ राहिला तर काच कोरली जाते. सोव्हिएत ज्युपिटर लेन्सची मुळं काँटॅक्समध्ये आहेत. लायकाची यंत्रणा ५१.६ मिमी फोकल लेंथच्या हालचालीवर आखलेली असल्यामुळे अनेक ज्युपिटर अनंतावर जुळतात आणि जवळ चुकतात.

जुनी लेन्स हातात आल्यावर काय काय तपासायचं?

घाई न करता, याच क्रमाने.

आधी लेन्स पूर्ण उघडी करा आणि एका बाजूने छोटी बॅटरी तिरकी धरून दुसऱ्या बाजूने आत बघा. सरळ उजेडात लेन्स स्वच्छच दिसते. दोष तिरक्या उजेडात दिसतात. दुधासारखा पातळ पडदा म्हणजे धुरकटपणा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. काठाजवळ इंद्रधनुषी चट्टा किंवा बुडबुड्यासारखी कड दिसली तर दोन काचा जोडणारा डिंक सुटू लागलाय. धुळीचे चार कण मात्र सोडून द्या, ते चित्रात येत नाहीत.

मग मागची काच. मागच्या काचेवरचा ओरखडा पुढच्या काचेवरच्या ओरखड्यापेक्षा जास्त त्रास देतो. पुढच्या काचेवर बारीक पुसण्याच्या रेघा असतील तर उजेडासमोर कॉन्ट्रास्ट उतरतो. ‘सुमार’ लेन्सची पुढची काच फार मऊ असायची, त्यामुळे अगदी निष्कलंक ‘सुमार’ सापडणं कठीण.

फोकसची कडी टोकापासून टोकापर्यंत फिरवा. एकसारखी जड असेल तर आतलं ग्रीस सुकलंय, ते बदलता येतं. मध्येच अडकत असेल किंवा एका जागी सैल होत असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असू शकते. फिल्टरच्या आट्याला दाबलेली कड हेच सांगते. अपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का बघा. रेंजफाइंडर लेन्समध्ये पाती हातानेच फिरतात म्हणून लगेच अडत नाहीत, पण त्या तेलाची वाफ काचेवर बसते.

शेवटी स्क्रूंची डोकी. ओरबाडलेली असतील तर कुणीतरी ती उघडलीय. उघडणं वाईट नाही, पण कुणी आणि का उघडली ते विचारा.

धुरकटपणा आणि बुरशी साफ होते का?

धुरकटपणा बऱ्याचदा होतो. बुरशी लवकर सापडली तर होते; उशीर झाला तर साफ केल्यावरही लेपावर तिचा ठसा राहतो. सुटलेला डिंक दुरुस्त करणं शक्य आहे, पण ते करणारे हात फार थोडे आणि खर्च लेन्सच्या किमतीला भिडू शकतो.

दुरून, फक्त फोटो बघून घ्यायची असेल तर?

तिरक्या उजेडातला आतला फोटो मागा. तो नसेल तर व्यवहार नाही, एवढा नियम मी स्वतःसाठी केला आहे. तो एका ३५ मिमी लेन्सने शिकवला. वर्णनात ‘काच स्वच्छ’ लिहिलं होतं, फोटो सहा होते आणि सगळे समोरून काढलेले. पेटी उघडल्यावर बॅटरी मारली तर मधल्या काचेवर बुरशीची नाजूक फुलं होती. परत पाठवण्याची सोय ठरवून घेतली नव्हती.

म्हणून तीन गोष्टी लेखी घ्या: परत करण्याची मुदत, लेन्स कधी उघडली आहे का, आणि तिने काढलेला पूर्ण उघड्या अपर्चरचा एखादा फोटो. ‘वयाच्या मानाने छान’ हे वाक्य वाचलं की आणखी प्रश्न विचारा. दुर्मिळ लेन्स समोर आली की आता नाही तर कधीच नाही असं वाटतं. असं वाटत असतानाच शांतपणे प्रश्न विचारता आले पाहिजेत.

नकली लेन्स कशी ओळखायची?

सर्वांत जास्त फसवणूक जुन्या ५० मिमी एफ/३.५ एल्मारच्या नावाने होते. सोव्हिएत फेड आणि झॉर्की कॅमेऱ्यांना लायकाचं रूप देताना त्यांच्या लेन्सवरही एल्मारचं नाव कोरलं जायचं. ओळखण्याची खूण सोपी: खऱ्या एल्मारमध्ये अपर्चरची पाती पहिल्या काचेच्या लगेच मागे असतात. इंडस्टार-२२ मध्ये ती दुसऱ्या काचेच्या मागे असतात. पुढून बघितलं की हा फरक दिसतो.

महागड्या लेन्सच्या बाबतीत क्रमांक त्या आवृत्तीच्या काळाशी जुळतो का, कोरीव अक्षरांचं वळण बरोबर आहे का, काचेवरच्या परावर्तनाचे रंग तसेच आहेत का, हे त्याच आवृत्तीच्या दोन-तीन खात्रीच्या नगांशी ताडून बघा. आठ भिंगांच्या सुमिक्रॉनसारख्या नव्या चिनी लेन्स स्वतःच्या नावाने उघडपणे विकल्या जातात. त्या नकली नव्हेत, आणि चांगल्याही आहेत. त्यांच्यावर दुसऱ्याचं नाव कोरून कुणी विकत असेल तर ती फसवणूक.

जुन्या लेन्स किरणोत्सारी असतात असं ऐकलं. खरं का?

काहींच्या काचेत थोरियम असतं. सुरुवातीच्या काही आत सरकणाऱ्या ५० मिमी सुमिक्रॉनही त्यात येतात. अशी काच कालांतराने पिवळी पडते आणि अतिनील प्रकाशात ठेवल्यावर पुन्हा उजळते. नेहमीच्या वापरात काळजीचं कारण नाही. ती फोडू, घासू किंवा पॉलिश करू मात्र नका.

जुन्या वाइड लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर चालतात का?

काही चालतात, काही रंग बिघडवतात. २१ मिमी सुपर-अँग्युलॉनसारख्या सममित रचनेच्या लेन्सची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ जाते. फिल्मला तिरका प्रकाश चालतो, सेन्सरला नाही. मग कोपऱ्यांना जांभळट किंवा निळसर झाक येते. अशा लेन्सची मागची बाजू कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाच्या वाटेतही येते. कृष्णधवल काढत असाल तर रंगाचा प्रश्नच मिटतो.

मिररलेस बॉडीवर आणखी एक अडचण: त्यांच्या सेन्सरवरची काच एम कॅमेऱ्याच्या काचेपेक्षा जाड असते, त्यामुळे वाइड लेन्सचे कोपरे फिसकटतात. ५० मिमी आणि पुढे हा त्रास फारसा जाणवत नाही. आणि आत सरकणारी लेन्स डिजिटल बॉडीवर कधीही आत ढकलू नका.

फोकस चुकतोय. दोष लेन्सचा की कॅमेऱ्याचा?

दुसरी लेन्स लावून बघा. सगळ्याच लेन्स एकाच दिशेने चुकत असतील तर कॅमेऱ्याची यंत्रणा हललीय. एकच चुकत असेल तर ती लेन्स किंवा तिची अडॅप्टर कडी. आधी दूरचा मनोरा किंवा चंद्र बघा, दोन प्रतिमा अनंताच्या खुणेवर एक होतात का. मग तिपाईवर कॅमेरा ठेवून १ मीटरवर तिरकी मोजपट्टी, अपर्चर पूर्ण उघडं. दोन्ही टोकं तपासल्याशिवाय कुठलाही स्क्रू फिरवू नका.

शोधायचं कुठे आणि किती थांबायचं?

जुने कॅमेरे दुरुस्त करणारे कारागीर हा मला सापडलेला सर्वांत चांगला दुवा. कोणती लेन्स कुठल्या कपाटात पडून आहे, कोण विकायच्या विचारात आहे, हे त्यांना ठाऊक असतं, आणि लेन्स त्यांच्या हाताखालून गेलेली असते. कॅमेऱ्यांचे लिलाव, वापरलेल्या सामानाची जुनी दुकानं आणि संग्राहकांचे मेळावे यांचा क्रम त्यानंतर.

हवी ती आवृत्ती, चालेल तो दोष आणि जास्तीत जास्त किंमत कागदावर लिहून ठेवा. शरीर ओरखड्यांनी भरलेलं पण काच नितळ, अशी लेन्स वापरणाऱ्याला सर्वांत लाभाची. संग्राहक तिच्याकडे वळूनही बघत नाहीत. मूळ खोका, कातडी डबी, हुड यांचे पैसे मोजू नका, जोवर तुम्ही स्वतः संग्राहक नाही. माझ्या ९० मिमी लेन्ससाठी मी दीड वर्ष थांबले. त्या काळात ५० मिमीनेच माणसं टिपली, आणि ९० खरंच लागते का, हे तेव्हाच कळलं.

मिळाली. आता जपायची कशी?

वापरा. कोरड्या हवेत, उजेडात, महिन्यातून निदान एकदा. बुरशीला अंधार, दमट हवा आणि स्थिरता लागते, आणि कातडी डबी हे तिघांचंही घर आहे. लेन्स तिच्यात कायमची ठेवू नका. साठवणीच्या पेटीत आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असं बघा. त्याहून खूप कोरडं झालं तर ग्रीस सुकतं. काच पुसण्याआधी फुंकणीने धूळ उडवा आणि फडकं शक्यतो कमी वेळा काढा.